मावशीची पिशवी आणि नऊ ‘गुपितं’

मावशी पुढच्या मंगळवारी दुबईला निघालीय. लेकीचं बाळंतपण. वय 67, विमानात बसायची पहिलीच वेळ. रविवारी मिरजेला तिची बॅग बघायला गेलो, तर शिलाई मशीनवर एक जाड कापडाची पिशवी शिवून तयार. छातीवरून एक पट्टा, कमरेभोवती दुसरा. “हे काय गं?” म्हटलं. “काही झालं तरी सामान सोडायचं नाही म्हणे. मेसेज आलाय,” म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

‘विमान कंपन्या तुमच्यापासून लपवतात त्या 9 गोष्टी.’ हाच मेसेज माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलेला. तेव्हा हसून सोडून दिला होता. तो मावशीच्या मशीनपर्यंत पोचल्यावर हसू येईना. मुंबई-दुबई मी चार वेळा केलंय, चारही वेळा इकॉनॉमीत. जेमतेम तीन तासांचं उड्डाण, घड्याळ दीड तास मागे, संपलं. मेसेज चेक-इनपासून सुरू होतो, मीही तिथूनच सुरू करतो.

पहिलं गुपित: ‘काउंटरवर अगदी शेवटी जा, फुकटात वरच्या वर्गाची जागा मिळते.’ मिळते ती घरची वाट. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. विमानात जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असतील, तर शेवटी आलेला माणूस बाहेर राहण्याची शक्यताच जास्त. नियमाप्रमाणे भरपाई मागायची तरी वेळेत हजर असावं लागतं. मावशी, तू तीन तास आधी जा, पोथी वाचत बस.

दुसरं: ‘मसाले नेले तर दुबईत थेट तुरुंग.’ इथे नाइलाजानं थोडं मान्य करायला लागतंय. हळद, तिखट, जिरं यांनी काही होत नाही. पण खसखस तिकडे खरोखरच बंदी असलेली वस्तू आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आणि मावशीच्या डब्यात होते बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू, खसखस भाजून घातलेले. गोड्या मसाल्यातही तीच. मेसेज लिहिणाऱ्यानं नुसतं ‘खसखस’ एवढंच लिहिलं असतं, तर त्याचे आभार मानले असते. त्यानं ‘मसाले’ लिहिलं, म्हणून मावशीनं हळद काढून ठेवली आणि लाडू बॅगेत भरले! खोबऱ्याच्या वाट्याही चेक-इन बॅगेत नकोत. तेलकट खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते विमानासाठी धोकादायक मालाच्या यादीत आहे. याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

तिसरं, तूप थिजवून नेलं तर केबिनमध्ये चालतं. नाही चालत. सुरक्षा तपासणीत तूप द्रवातच धरतात, 100 मिलिलिटरच्या वर गेलं की बाहेर. चौथं, फ्लाइट मोड हे थोतांड. मोबाइलमुळे विमान पडलं असं उदाहरण मलाही माहीत नाही, हे कबूल. पण वैमानिकाच्या हेडफोनमध्ये त्यामुळे खरखर येऊ शकते. तीन तास फोन गप्प ठेवल्यानं कुणाचं काय बिघडतं?

पाचव्यापासून मात्र माझं डोकं फिरलं. ‘वरून पडणारा ऑक्सिजनचा मुखवटा फक्त 12 मिनिटं चालतो, म्हणून लगेच लावू नका, जपून वापरा.’ पहिला भाग साधारण बरोबर आहे. बहुतेक विमानांत डोक्यावरच्या डबीत रासायनिक क्रियेनं ऑक्सिजन तयार होतो आणि तो बारा-पंधरा मिनिटं पुरतो. तेवढा पुरे, कारण हवेचा दाब गेला की वैमानिक काही मिनिटांत विमान 10,000 फुटांपर्यंत खाली आणतो आणि तिथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. पण 35,000 फुटांवर मुखवटा न लावता शुद्ध टिकते अर्धा ते एक मिनिट. ‘जपून वापरू’ असा विचार पुरा होईपर्यंत माणूस आडवा. शिवाय एकदा ओढून क्रिया सुरू झाली की ती थांबवता येत नाही. जपणार काय?

सहावं: ‘दुबईचं विमान समुद्रावरून जातं. धोका वाटला की जागेवरच लाइफ जॅकेट फुगवून ठेवा.’ हे लिहिणाऱ्याला 23 नोव्हेंबर 1996 ची गोष्ट सांगायला हवी. इथिओपियन एअरलाइन्सचं 961 क्रमांकाचं विमान. आपल्या मुंबईहूनच निघालेलं, अदिस अबाबाला थांबून पुढे नैरोबीकडे चाललेलं. वाटेत अपहरण झालं, इंधन संपलं आणि कोमोरोस बेटांजवळ वैमानिकानं ते समुद्रात उतरवलं. आतल्या 175 जणांपैकी 125 गेले. त्यातले काहीजण आपटण्यातून वाचले होते, पण त्यांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी भरत गेलं तशी ती माणसं जॅकेटसकट छताला जाऊन टेकली. दार पाण्याखाली, आणि बुडी मारून दारापर्यंत जायचं तर जॅकेट खाली जाऊ देईना. जॅकेट दारातून बाहेर पडतानाच फुगवायचं, असं हवाई सुंदरी दर वेळी हातवारे करून दाखवते आणि आपण तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप बघत असतो.

आता पिशवी. सातवं गुपित जसंच्या तसं देतो: ‘आपत्कालात कर्मचारी बॅगा सोडायला लावतात कारण त्यांना भरपाई वाचवायची असते. पासपोर्ट आणि सोनं गेलं तर परदेशात भीक मागाल. बॅग कधीही सोडू नका.’

भारतातूनच निघालेलं विमान, हेच दुबई. 3 ऑगस्ट 2016 ला एमिरेट्सचं तिरुवनंतपुरमहून आलेलं विमान उतरता उतरता परत वर जाऊ पाहत होतं. ते जमलं नाही. चाकं आत घेतली जात असतानाच ते धावपट्टीवर पडलं, पोटावर घसरत गेलं आणि पेटलं. आत 300 माणसं, त्यात बहुतेक प्रवासी आपलेच भारतीय. सगळे बाहेर आले. पण कुणा प्रवाशानंच आतून काढलेला व्हिडिओ तेव्हा जगभर फिरला: केबिनमध्ये धूर, कर्मचारी ओरडतायत आणि लोक वरचे कप्पे उघडून बॅगा काढतायत. तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचा अंतिम अहवाल 2020 मध्ये आला. सामान सोडा असं सांगूनही प्रवाशांनी बॅगा घेतल्याची नोंद त्यात आहे. दारातून खाली उतरायच्या फुगवत्या घसरगुंड्यांचीही गोष्ट आहे: वाऱ्यानं आणि धुरानं काही वापरताच आल्या नाहीत, म्हणजे दारं आधीच कमी पडलेली. विमान थांबल्यावर साधारण नऊ मिनिटांनी मधल्या इंधन टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला एक जवान गेला. त्या नऊ मिनिटांतली किती बॅगांना वाहिली, याचा हिशेब मावशीला मी बोटांवर करून दाखवला.

विमानाला मंजुरी देताना अर्धी दारं बंद ठेवून भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं. त्या हिशेबात कुणाच्याही हातात बॅग नसते. वाट जेमतेम हातभर रुंद. तिथे मावशी दोन पट्टे सोडवत किंवा आवळत उभी राहिली, की मागचे तीस जण अडकले. पट्टा खुर्चीच्या हातात गुंतला तर तीही अडकली. आणि घसरगुंडीवरून पिशवीसकट खाली गेलेलं माणूस आधी उतरलेल्याच्या डोक्यावर जातं. याउलट 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, तेव्हा त्यातले 379 च्या 379 बाहेर आले. बॅगा आत जळून गेल्या.

भरपाई वाचवतात हा तर शुद्ध बिनडोकपणा. भरपाई मागितली जाते ती जळालेल्या बॅगेची, वाचलेल्या बॅगेची नाही. कंपनीला पैसेच वाचवायचे असते तर ती ‘बॅग घ्या’ म्हणाली असती!

राहिली पासपोर्टची काळजी. ती खोटी नाही. परक्या देशात कागद नसलेला म्हातारा माणूस बावरतो. म्हणून आम्ही त्याच पिशवीचं कापड उसवलं आणि तळहाताएवढा बटवा केला, गळ्यात घालून झंपरच्या आत जाईल असा. पासपोर्ट, व्हिसाचा कागद, ताईचा नंबर, औषधाची एक पट्टी. सोनं अंगावर आहे तेवढंच. बाकी पेटलं तर पेटलं.

आठवं, जेवण मुद्दाम बेचव ठेवतात. मुद्दाम नाही. कोरड्या हवेत आणि त्या घरघरीत जिभेला चवच कमी लागते. सोबत चटणी ने. नववं, चाकं टेकली की लगेच उभे राहा, इमिग्रेशनला पहिले लागाल. सीटबेल्टचा दिवा विझेपर्यंत बसून राहायचं, मावशी. बॅगा आणणारा फिरता पट्टा तसाही सगळ्यांसाठी एकदमच सुरू होतो.

मेसेजच्या शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ होतं, आणि मावशीनं तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाही होता. त्यातल्या दोघी डिसेंबरात शारजाला जाणार आहेत, म्हणून एवढं लिहिलं. लाडू परत वळलेत, खसखशीशिवाय. आधीचा डबा माझ्याकडे आहे.