तारीख आधीची मिळेल का?

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचे म्हणून आम्ही दोघांनी प्रत्येकी 185 डॉलर व्हिसा शुल्क भरले, आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती नातवंड रांगायला लागेल तेव्हाची! तातडीच्या मुलाखतीसाठी अर्ज करायचा तर आधी ही लांबची तारीख घ्यावीच लागते, आणि ती घेतल्यावर नियमांत वाचायला मिळते की गरोदर नातलगाच्या मदतीला जाणे हे तातडीचे कारणच नव्हे. आईने लेकीच्या उशाशी असणे तातडीचे नाही, तर मग काय तातडीचे?

महिनाभर पहाटे उठून संगणकापुढे बसते आहे. एखादी आधीची तारीख दिसते आणि बोट टेकवेपर्यंत नाहीशी होते. दलाल मात्र हीच तारीख हजारो रुपये घेऊन मिळवून देण्याची हमी देतात. मार्च 2025 मध्ये भारतातील अमेरिकी दूतावासाने बॉटद्वारे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमद्वारे, पटकावलेल्या मुलाखतीच्या सुमारे 2000 तारखा रद्द केल्या, ते योग्यच झाले. पण दलालांचा हा बाजार अजून चालूच आहे, याचा मला मनस्वी संताप येतो. लेकीला नववा महिना लागला आहे.