थोरला दवाखाना आणि टोलनाका

रविवारी मिसळीला आमचं नेहमीचं टोळकं बसलं होतं. कट ओतून घेता घेता एकानं विषय काढला. म्हणाला, सरकारनं दवाखाने चालवूच नयेत, सगळे बंद करावेत, प्रत्येकाच्या हातात विम्याचं कार्ड द्यावं आणि माणसानं हवं तिथं जावं. टेबलावर सगळे धंदेवाले. माना डोलल्या. दीड-दोन वर्षांपूर्वी मीही डोलावली असती. त्या दिवशी पाव मोडत गप्प बसलो, कारण मिसळ गार करून भांडण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही. म्हणून आता इथं लिहितोय. लांबलंय, वेळ असेल तरच वाचा.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर कॉम्रेड म्हणून मोकळे व्हाल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि कर्जावर घेतलेलं जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून परत पाठवतो. कामाला सातजण. माझ्या शेडमध्ये सरकार जितकं कमी येईल तितकं बरं, या मताचा मी आहे. पार्टीनं पैसे दिलेले नसताना त्या बिलाचा जीएसटी खिशातनं भरायचा, हे वीस तारीख आली की दर महिन्याला भोगतो. तेव्हा सरकारवर माझं प्रेम ऊतू चाललंय अशातला भाग नाही.

पण दोन रात्रींनी माझं डोकं फिरवलं.

पहिली रात्र आमच्या टर्नरच्या वडिलांची. गाव पन्हाळ्याकडं. आठवडाभर शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून म्हातारा रात्री साडेअकराला उसाला पाणी पाजायला गेला आणि पाटाच्या कडेला घोणस चावली. गावातल्या डॉक्टरनं पाय बघितला आणि एकच वाक्य बोलला, "वेळ घालवू नका, थोरल्या दवाखान्यात न्या." बाहेरच्यांसाठी सांगतो, थोरला दवाखाना म्हणजे सीपीआर, कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय. मला फोन आला तेव्हा गाडी रंकाळ्यापर्यंत आली होती. मी थेट तिकडंच गेलो.

तिथं जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक डॉक्टर पोरगी. तिनं रक्त काढलं, काचेच्या साध्या नळीत घेतलं, स्टँडला उभं केलं आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष रक्तात भिनलंय. ती तेवढ्यात दोन अपघाताचे पेशंट बघून आली. वीस मिनिटांनी नळी अलगद तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच लस सुरू. पहिल्यांदा दहा बाटल्या, सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा रक्त पातळ, पुन्हा लस. पहाटे टर्नर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मालक, बिल किती हुईल? ॲडव्हान्स लागंल." त्याला खरंच माहीत नव्हतं की एवढ्या लशीचं बिल येणार नाही. म्हातारा अकराव्या दिवशी चालत घरी गेला.

आता सांगा, या म्हाताऱ्याच्या हातात विम्याचं कार्ड देऊन काय करणार होता? साप चावलेला माणूस ठेवून घ्यायला खासगीत फार कुणी उत्सुक नसतं. पेशंट कधी उलटेल सांगता येत नाही, किडन्या जाऊ शकतात, नातेवाईक चिडतात आणि पैसेही फार सुटत नाहीत. बाजाराच्या हिशेबात ते गिऱ्हाईकच नव्हे. लस करणारं मुंबईचं हाफकिनसुद्धा सरकारीच. शिवाय म्हातारा रात्री उसात का होता? तर दिवसा लाईट नव्हती म्हणून. एका खात्याच्या वेळापत्रकानं त्याला सापापर्यंत नेलं आणि दुसऱ्या खात्याच्या दवाखान्यानं वाचवलं. सरकारनं अर्थव्यवस्थेत यावं की न यावं, यावर टीव्हीवर चर्चा झडतात. अरे, ते कधीचंच आलंय. उसाच्या सरीपर्यंत आलंय.

दुसरी रात्र आमच्या आबांची. वय अडुसष्ट, शुगर जुनी. त्यापायी पॉलिसी कुणी द्यायला तयार नव्हतं. एक कंपनी तयार झाली तर हप्ता ऐकून आबाच म्हणाले, "त्यापेक्षा मी मेलेला स्वस्त." (आणि त्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ ला तो एकदाचा शून्य झाला. आजारपणाची तरतूद करणाऱ्याकडनं इतकी वर्षं कर घेतला, हे कुठल्या तर्कात बसतं ते मला अजून उमगलेलं नाही.) रात्री छातीत दुखायला लागलं, जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. नाव घेत नाही, कारण गोष्ट एका हॉस्पिटलची नाही. काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "योजना की कॅश?"

मी म्हटलं योजना. आमचं रेशनकार्ड पांढरं, पण १ जुलै २०२४ पासून सरकारची मोफत उपचाराची महात्मा फुले योजना पांढऱ्या कार्डालाही लागू झालीय, हे मी पेपरात वाचलं होतं. पोरगा म्हणाला, "योजना हाय, पण हार्टला न्हाई आमच्याकडं. हाडाला हाय." म्हणजे बोर्ड बाहेर झळकतोय, पण आत कुठल्या आजाराला योजना चालते ते पेशंट दारात आल्यावर कळणार. आबा स्ट्रेचरवर, घामानं बनियन चिकटलेलं. मी काय त्यांना उचलून दुसरीकडं दर विचारायला जाणार होतो? ऐंशी हजार डिपॉझिट भरलं. शेवटी दोन लाख चाळीस हजारांवर गेलं.

बिल घरी आणून आम्ही नवरा-बायको ते वाचत बसलो. धंद्यात रोज बिलं करतो, तरी मला त्यातल्या दहा ओळी कळल्या नाहीत. 'कन्झ्युमेबल्स' म्हणून एक आकडा होता, त्यात काय कन्झ्यूम झालं ते देव जाणे. एकच ओळ मला पडताळता आली, ती स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीची. फाइलमध्ये त्याचं स्टिकर चिकटवलेलं होतं, त्यावर कमाल किंमत छापलेली. ती का छापलेली? कारण फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमती बांधल्या. औषध लावलेल्या स्टेंटला त्या वेळी २९,६०० ची मर्यादा घातली, जो त्याआधी लाखाच्या वर लावायचे. तेव्हा ओरड झाली होती की आता कंपन्या पळून जातील, देशात स्टेंट मिळणार नाही. आमच्या आबांना तर मिळाला. सगळ्या बिलात मला समजलेली ओळ तेवढीच, आणि ती नेमकी सरकारनं हात घातलेली.

माझ्याकडं एखादं जॉबवर्क यायचं तर पार्टी चार ठिकाणी कोटेशन घेते. दहा पैसे कमी करा म्हणून दोन दिवस फोन करते. बरोबर आहे, हाच बाजार. माल माहीत, दर माहीत, नको असेल तर उठून जायची सोय. स्ट्रेचरवर यातलं काय असतं? काय विकत घेतोय ते माहीत नाही, दर माहीत नाही आणि उठता तर येतच नाही. गावातल्या डेअरीत म्हैशीच्या दुधाचं फॅट लागतं तेव्हा मशीनवरचा आकडा शेतकऱ्याच्या तोंडासमोर असतो. दोन पॉइंट कमी लागले तर तो तिथंच भांडतो. लाखाच्या बिलाला मात्र आपण "डॉक्टरसाहेब, थोडं बघा की" म्हणत हात जोडतो.

इथंच मला टोल आठवतो. २०१३ ला आपल्या शहराच्या भोवती नाके बसले. रस्ते खासगी कंपनीनं केले, पैसे कोल्हापूरकरांनी भरायचे. काय केलं आपण? शेकापचे एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर उतरले, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णा उतरले, तालमी उतरल्या, बायका लाटणी घेऊन आल्या. माझ्या स्कूटरलाही 'टोल देणार नाही'चं स्टिकर होतं, आणि दुचाकीला टोल नव्हताच! २०१५ संपता संपता सरकारला टोल रद्द करावा लागला. रस्ता सगळ्यांचा, त्यावर नाका नको, हे कळायला आपल्याला अर्थशास्त्राचं पुस्तक लागलं नाही. आणि तेच आपण आयसीयूच्या दारात ऐंशी हजारांची पावती गपगुमान फाडतो.

मिसळीच्या टेबलावरचा मित्र म्हणतो, सरकारी म्हणजे घाण आणि हेळसांड. खोटं नाही. एका दुसऱ्या सरकारी दवाखान्यात मी स्वतः सलाईनची बाटली अर्धा तास हातात धरून उभा राहिलोय, स्टँड नव्हता म्हणून. चिठ्ठी देऊन बाहेरच्या मेडिकलला पिटाळलेलं मीही अनुभवलंय. पण दवाखान्याला माणसं द्यायची नाहीत, औषधाला पैसे द्यायचे नाहीत, आणि मग बघा कसा चालत नाही म्हणायचं, ही कुठली रीत? लेथला कूलंट न घालता चालवायचा आणि टूल जळाला की लेथ भंगार म्हणायचा, तसलं झालं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ चा सरकारचाच हिशेब १.८४ टक्के सांगतो. त्याच हिशेबात देशातल्या एकूण आरोग्य खर्चाच्या शंभर रुपयांतले ३९ लोकांनी स्वतःच्या खिशातनं घातलेले आहेत. २०१३-१४ ला ते ६४ होते, म्हणजे फरक पडलाय, हेही मान्य करतो. सरकारनं लक्ष घातलं तर आकडा हलतो, एवढंच त्यातनं मला दिसतं.

योजना वाईट नाही. माझ्याच शेडमधल्या एकाच्या बायकोचं ऑपरेशन त्यात झालंय, एक रुपया लागला नाही. पण योजना चालू होते माणूस ॲडमिट झाल्यावर. आबांची शुगरची गोळी, तीन महिन्यांची तपासणी, डॉक्टरची फी, यातलं काही तिच्यात येत नाही. म्हणजे वीस वर्षं शुगरकडं बघायचं नाही आणि हार्ट बसलं की पाच लाख द्यायला तयार. गोळ्या देणारं आरोग्य केंद्र घराजवळ धड चालवलं असतं तर कदाचित स्टेंटची वेळच आली नसती. त्याच्याही आधी पाणी. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. ती काही सुपर स्पेशालिटीच्या कमतरतेनं नव्हती आली. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला म्हणून आली. पंचगंगेचं काय चाललंय ते सगळ्यांना वासावरनं माहीत आहे. विम्याच्या कार्डानं पाइपलाइन दुरुस्त होत नाही.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो, मग थांबतो. कारखान्यात दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला त्यात उपचार, पगारी आजारपण सगळं मिळतं. माझ्याकडं सात, म्हणून माझ्या पोरांना काही नाही. आणि उद्यमनगरात असे किती शेड आहेत जे नवावर अडकलेत, ते आत येऊन मोजा. काम आहे, ऑर्डर आहे, पण दहावा माणूस कागदावर घ्यायचा नाही. मीही उद्या नवावर पोचलो तर हाच विचार करेन, खोटं कशाला बोलू. उपचाराचा हक्क हजेरीपटावरच्या आकड्याला बांधला की माझ्यासारखा मालक माणसं मोजूनच ठेवणार. तो हक्क माणसाला बांधा, पैसे करातनं घ्या. तेवढा कर मी कुरकुरत का होईना, भरेन.

सीपीआरची जुनी इमारत संस्थानानं १८८० च्या दशकात बांधली, न्यू पॅलेस हा राजवाडा ज्यानं आखला त्या मेजर मँटच्या आराखड्यावर. पुढं शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, मिल काढली. त्यांनी पेठ व्यापाऱ्यांवर सोडली आणि धरण स्वतः बांधायला घेतलं. कुठं हात घालायचा आणि कुठं नाही, याचा हिशेब त्या माणसाकडं होता. आता शेंडा पार्कात अकराशे खाटांचं सरकारी रुग्णालय व्हायचंय. भिंती होतील. त्या डॉक्टर पोरीसारखी माणसं किती भरणार आणि त्यांना झोप किती देणार, ते कुणी भाषणात सांगितलेलं मी ऐकलं नाही. कोकणातनं, सांगलीतनं, पार बेळगावकडनं पेशंट कोल्हापूरला येतात.

जानेवारी २०२१ ला महाराष्ट्रात नर्सिंग होमचे नियम बदललेत. दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आबांच्या हॉस्पिटलात गेल्या वेळी मी शोधलं. सापडलं. वॉटर कूलरच्या मागं, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरखाली, खालच्या चार ओळी ओल येऊन पुसलेल्या. काउंटरवरचा तोच पोरगा म्हणाला, "फोटो काढू नका साहेब." पुढच्या मंगळवारी आबांना दाखवायला न्यायचंय. तुमच्यापैकी कुणी सोबत येणार असेल तर सांगा, कूलर सरकवायला दोघं लागतील.