चुंबक गप्प होतं, बेरिंग झिजत होतं : खानापूरच्या वाचकांना उत्तर

इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल बघून आतली झीज घरच्या घरी कशी ओळखायची, यावर मी एक लेख लिहिला होता. दादा, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "तुमचा लेख वाचून काढलेल्या ऑइलात चुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही म्हणून निर्धास्त राहिलो. दीड महिन्यात पिकअपच्या क्रँकचं बेरिंग गेलं. असले घरगुती उद्योग शिकवू नका, सरळ लॅबला पाठवा म्हणा," असं तुम्ही लिहिलंय.

चूक माझीच. "चुंबकाला काही लागलं नाही तर काळजी नको" हे वाक्य मी लिहिलं होतं. चुंबक धरतं ते लोखंड-पोलाद: रिंगा, लायनर, कॅम, गिअरचे दात. बेरिंग शेलचा (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यात फिरतो त्या वाटीचा) झिजणारा थर तांबं-शिसं नाहीतर ॲल्युमिनियम-कथिलाचा, पिस्टनही ॲल्युमिनियमचा. यातलं काहीच चुंबकाला लागत नाही.

पण लॅबचं म्हणाल तर थोडं भांडतो. नेहमीच्या तपासणीतलं स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे ऑइलातले धातू मोजणारं यंत्र, साधारण 5 ते 10 मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण नीट मोजतं. त्याहून मोठे तुकडे त्याच्या हिशेबात धड येतच नाहीत. आपल्या डोळ्याला 40-50 मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही. म्हणजे हळूहळू वाढणारी झीज लॅब सांगते, आणि कपचा उडाला तर तो घरी दिसतो. दोघांचं काम वेगळं आहे.

आणि कपचा दिसतो कुठे? ऑइलात नाही, फिल्टरात. हेच मी लेखात दोन ओळींत उरकलं होतं. फिल्टर रात्रभर निथळू द्या, मग पत्र्याचा डबा कापा. हॅक्सॉनं नको! पहिल्या वेळी मी तसाच कापला, कागदावर चकचकीत कीस बघून पोटात गोळा आला, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा मित्र हसून म्हणाला, "हा तुझ्या डब्याचाच कीस की रे." आता तोच मला बाहेरची कड लेथवर काढून देतो, आत काही पडत नाही. फिल्टर कटर मिळाला तर उत्तमच. आतला कागद सुटा करून जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचा, व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळायचं आणि घड्या उलगडून उन्हात तिरक्या धरायच्या. हातमोजे घालाच.

आमच्या ट्रॅक्टरच्या फिल्टरात, चिखलणीनंतर, घडीच्या तळाशी तांबूस चमचम दिसली. मोहरीच्या सालीएवढे पापुद्रे, नखानं चेपले तर वाकत होते. चुंबक फिरवलं, हलले नाहीत. संप (इंजिनाखालचं ऑइलचं पातेलं) उतरवला तर एका शेलचा थर उडालेला. क्रँक मात्र वाचला.

मोटारसायकलचा प्रकार निराळा. बहुतेकींत इंजिन, क्लच, गिअर एकाच ऑइलात, त्यामुळे ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थोडा थर येतोच. त्याला घाबरायचं नाही. बोटांत टोचणारा तुकडा निघाला तर घाबरा. नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलातही धातू जरा जास्तच असतो.

तुमच्या पिकअपचा तो फिल्टर अजून गॅरेजमध्ये पडला असेल तर टाकू नका, उलगडून बघा. तांबूस कण सापडले तर फोटो पाठवा, लेखात लावीन. ते वाक्य मी आज काढून टाकलंय.