मालिकेत 'तसलं' पात्र घालण्याची कृती

सासू कोमातून दोनदा उठली, नायिकेची हमशकल येऊन गेली, लीप घेऊन झाला, तरी गुरुवारचे टीआरपीचे आकडे हलत नाहीत? घाबरू नका. एक 'तसलं' पात्र घाला. परवाच एका वाहिनीने घातलं. प्रोमोत धाकटा मुलगा भरल्या घरात म्हणतो, "मला मुली आवडत नाहीत." आईच्या हातातलं ताट पडतं, तीन अँगलमधून तीनदा पडतं. आठवडाभर तेच. आणि महाएपिसोडमध्ये निघालं काय, तर ठरलेलं लग्न टाळायला पोरगं थाप मारत होतं! घर हसलं, पेढे वाटले, विषय संपला. याला म्हणतात कसब. तुम्हीही शिका.

आधी पात्राचा व्यवसाय ठरवा. फॅशन डिझायनर, मेकअप आर्टिस्ट, फार तर वेडिंग प्लॅनर. महावितरणचा लाइनमन, तलाठी किंवा गणिताचे सर 'तसे' असू शकतात, असली आचरट कल्पना कथेच्या मीटिंगमध्ये बोलून दाखवू नका.

एन्ट्रीला 'टुंय' वाजवा. संवादलेखकाने कितीही पोटतिडकीने लिहिलेलं असो, एडिटला हा आवाज टाकला की वाक्याची माती होते. लेखकाला विचारावंही लागत नाही.

दोन मुली एकत्र राहत असतील तर त्या जिवाभावाच्या मैत्रिणी. पुढचा सीन.

गे आणि ट्रान्स एकच धरा, अभ्यासाचा वेळ वाचतो.

तृतीयपंथी फक्त बारशाला आणि लग्नात आणा. दारात येणार, टाळी, आशीर्वाद, नायिकेचं भविष्य, एक्झिट. ट्रान्स कलाकार शोधत बसू नका. एखादा धिप्पाड नट धरा, सकाळी दाढी घोटून फाउंडेशनचे थर चढवा. जेवणाच्या ब्रेकनंतर हनुवटीवर निळसर छटा वर येते, ती झाकू नका, तेवढाच फुकटचा विनोद. टाळी तर मुळीच शिकवू नका. खरी टाळी बोटं फाकवून, तळहात आडवे, सपाट आपटून वाजते, आणि रागाची, थट्टेची, इशाऱ्याची टाळी कानाला वेगळी कळते. आपण आपली आरतीची वाजवावी. तृतीयपंथीयांमधल्या गुरू-चेल्याच्या नात्यात तर हजार भागांचा मसाला आहे, म्हणून तिकडे फिरकू नका. 'पाताल लोक' या वेब सिरीजने 2020 मध्ये मैरेम्बम रोनाल्डो सिंह या ट्रान्स कलाकाराला घेतलं, 'मेड इन हेवन'च्या 2023 च्या सीझनमध्ये ट्रान्स अभिनेत्री त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू आली, आणि आभाळ कोसळलं नाही, हे विसरा. ट्रान्स पात्राचीच मुख्य भूमिका असेल तर ट्रान्स नसलेली नटी घ्या: 2016 च्या 'शक्ती'त रुबिना दिलैक, 2023 च्या 'ताली'त सुश्मिता सेन, हीच वाट मळलेली आहे. ('ताली'मुळे तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत घरोघरी पोचल्या, हे मात्र दिग्दर्शक रवी जाधवांच्या पदरात घालायला हवं.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. पात्र 'बरं' करा. ट्रॅक तीन आठवड्यांत गुंडाळायचा असतो, त्यामुळे चष्मेवाला डॉक्टर, एखादा बाबा, किंवा रामबाण म्हणजे लग्न. संस्कारी मुलगी, पावसाळी रात्र, गेलेली वीज, सकाळी गोड लाजणं, झाला बरा! समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला निकाल दिला तो कुणासाठी? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असल्या 'उपचारां'ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे खऱ्या डॉक्टरला जे केल्याबद्दल कारवाई भोगावी लागेल, ते तुमचा डॉक्टर सतारीच्या सुरावर करतो आणि आई देवघरात हात जोडते. उद्या कुणी खरी आई आपल्या मुलाला घेऊन असलाच डॉक्टर शोधत हिंडेल, तेव्हा तुमचा ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, जाणार आहे का समजवायला? आणि ती संस्कारी मुलगी? जिच्या आयुष्याचं औषध करून पाजलं, तिचा एक तरी सीन लिहिलात? तिलाही फसवलंच ना तुम्ही!

कुणी विचारलंच तर "आपला प्रेक्षक अजून तयार नाही" हे वाक्य पाठ ठेवा. कुठला प्रेक्षक? बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब बायका उचलत होत्या, तो? 1981 मध्ये तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगमंचावर आलं, मुलीवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली. तेव्हा चाललं आणि आता तुमच्या आठच्या स्लॉटला प्रेक्षक बाळबोध झाला? तयार तुम्ही नाही. प्रेक्षकाच्या नावावर खपवू नका.

पुरे झाला उपरोध. रात्री आठला घरात टीव्ही एकच असतो. सोफ्यावर आजी, बाबा, काका, खाली सतरंजीवर आठवीतला मुलगा. 'टुंय' वाजतं, सगळे हसतात. तोही हसतो, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने, कुणाची नजर आपल्याकडे वळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी वर्गात तुमच्या पात्राच्या नावाने हाक पडते ती त्यालाच. हे तुम्हाला माहीत नाही असं सांगू नका, माहीत आहे. आकड्यांपुढे फरक पडत नाही, एवढंच.

लिहायचं असेल तर कथा ठरते त्या टेबलावर एखाद्या समलिंगी किंवा ट्रान्स माणसाला बसवा. संवाद लिहून झाल्यावर 'जरा नजर टाक' म्हणून फोन करू नका, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. पात्राला नोकरी द्या, घरभाडं द्या, जोडीदाराशी गॅस संपल्यावरून भांडू द्या. यातलं काहीच करायचं नसेल तर आमच्या वाटेला जाऊ नका, आणि जूनमध्ये प्राइड महिना म्हणून लोगोला सात रंग फासू नका.