मीठ म्हणजे स्फोटक धातू अधिक विषारी गॅस? काहीही!

मावशीने पाठवलेला मेसेज थोडक्यात असा: सोडियम पाण्यात टाकला की पेट घेतो, क्लोरीन हा युद्धात वापरलेला विषारी गॅस, मीठ या दोघांचंच बनलेलं, म्हणजे मीठ हे स्लो पॉयझन, आजच बंद करा आणि त्याऐवजी पोटॅशियमचं मीठ खा. मावशीने ते मागवलंसुद्धा. म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी लागायला वेळ कोणाला आहे.

सुरुवातीची दोन्ही वाक्यं खरी आहेत, तीच तर गंमत. सोडियम रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो, सुरीने कापला की आत चकचकीत दिसतो आणि बघता बघता काळवंडतो. क्लोरीन 22 एप्रिल 1915 ला जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये ईप्रजवळ सोडला होता, तेही खरं. पण त्यावरून मीठ विषारी कसं ठरलं?

सोडियमकडे 11 इलेक्ट्रॉन, आतून बाहेर कक्षांमध्ये मांडणी 2, 8, 1. क्लोरीनकडे 17, म्हणजे 2, 8, 7. एकाला एक जास्त, दुसऱ्याला एक कमी, दोघांचा सगळा आक्रस्ताळेपणा त्या एका इलेक्ट्रॉनपायी. तो सोडियमकडून क्लोरीनकडे गेला की सोडियमचा धन आयन (म्हणजे प्रभार असलेला अणू) होतो, 11 प्रोटॉन आणि 10 इलेक्ट्रॉन, क्लोरीनचा ऋण क्लोराइड होतो, 18 इलेक्ट्रॉनवाला, आणि दोघांचीही बाहेरची कक्षा आठने भरते. जो काही जाळ आणि उष्णता व्हायची ती तेव्हाच होऊन गेली. चमच्यातल्या मिठात ना तो धातू उरलाय ना तो गॅस, नुसते विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेत की मीठ वितळवायला 801 अंश सेल्सिअस लागतं.

यावर कोणी म्हणेल, "पोटात गेल्यावर मीठ विरघळतं आणि क्लोरीन सुटतो." अहो, विरघळताना सुटे होतात ते आयन, इलेक्ट्रॉन काही कोणी परत करत नाही! मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका, पांढरा साका येतो, ती क्लोराइडची खूण. क्लोरीन गॅस असता तर पिवळट-हिरवा दिसला असता आणि नाक झोंबलं असतं. हां, मिठाच्या पाण्यातून वीज सोडली तर क्लोरीन निघतो, कारखान्यात तसाच काढतात, एवढं मान्य. पण पोटात वायर कोण सोडतंय?

जास्त मीठ वाईट, हे मात्र नाइलाजाने कबूल करावं लागेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे साधारण 2 ग्रॅम सोडियम. पण ते ब्लड प्रेशरमुळे, स्फोटामुळे नाही. आणि मीठ शून्य करा असं ती कुठेच म्हणत नाही, मज्जातंतूंचं काम सोडियमच्या आयनांवरच चालतं.

"सैंधव नैसर्गिक, त्यात सोडियम नसतो." तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे, पुढे चला. "आयोडीन हे केमिकल." असेल, थायरॉइडला तेच केमिकल लागतं.

आता ते पोटॅशियमचं मीठ. पोटॅशियम धातू पाण्यात सोडियमपेक्षा जास्त जोरात पेटतो, जांभळट ज्योत येते. आणि ते मीठ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे युद्धातला क्लोरीन त्यातही आलाच! मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःचंच लॉजिक शेवटच्या ओळीपर्यंत पाळलं नाही.

हसून सोडून दिलं असतं, पण खरा धोका इथेच आहे. निरोगी माणसाला सोडियम कमी करायला असं मीठ उपयोगी पडू शकतं, जागतिक आरोग्य संघटनेनेच 2025 मध्ये तसं सुचवलंय, मात्र किडनीचा त्रास असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना त्यातून स्पष्ट वगळलंय. किडनी नीट चालत नसेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. काकांची किडनीची ट्रीटमेंट चालू आहे. तेव्हा मावशी, ते पाकीट आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखव, तोवर फोडू नकोस.