होस्टचे घड्याळ बरोबर, म्हणून गेस्टचेही बरोबर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो : ‘व्हर्च्युअल मशीनमध्ये एनटीपी चालवू नका, वेळ होस्टकडून आपोआप येते, फरक पडलाच तर क्रॉनमधून दर तासाला एनटीपीडेट चालवा.’ व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच गेस्ट, हा खऱ्या संगणकात (होस्टमध्ये) सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक; एनटीपी ही नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत; क्रॉन ही ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय; आणि एनटीपीडेट हा घड्याळ एकदाच जुळवून थांबणारा प्रोग्राम.

यातले पहिले विधान एके काळी निराधार नव्हते. जुनी कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टीमचे गाभे) टायमरचे ठोके मोजून वेळ ठरवीत. मशीनच्या वाट्याला प्रोसेसर आला नाही की ठोके हुकत, साचलेले ठोके मागाहून एकदम येत, आणि अशा लहरी घड्याळाला एनटीपीही वठणीवर आणू शकत नसे. ठोके न मोजता गेस्टला वेळ देणाऱ्या केव्हीएम-क्लॉकसारख्या सोयी आल्यापासून ते कारण उरलेले नाही.

‘आपोआप येते’ हे मात्र अर्धसत्य आहे. व्हीएमवेअर टूल्स या गेस्टमध्ये बसवायच्या संचातील होस्टशी नियतकालिक जुळणी मुळात बंद असते. ती बंद असतानाही, स्थगित मशीन पुन्हा सुरू केले किंवा स्नॅपशॉटवर (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या स्थितीवर) परतलो, तर वेळ एकदा जुळवली जाते. त्या एका जुळणीलाच लोक अखंड जुळणी समजतात. शिवाय होस्टच चुकला असेल, तर त्याच्यावरील सगळी मशीन एकसारखी चुकतात आणि आपसांत तुलना करूनही चूक दिसत नाही.

सर्वांत घातक आहे तो क्रॉनचा उपाय. फरक अर्ध्या सेकंदाहून मोठा असला की एनटीपीडेट घड्याळ एकदम सरकवतो, प्रसंगी मागेही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या दोन वजनकाट्यांवरच्या पावत्या काही सेकंदांच्या अंतराने निघतात. घड्याळ मागे गेले की नंतरच्या पावतीवर आधीची वेळ छापली जाते, आणि मग ऊस उत्पादकाला काय सांगायचे? सतत चालणारा एनटीपीडी हा एनटीपीचा प्रोग्राम घड्याळाचा पुढे किंवा मागे पडण्याचा मूळ कलच ओळखतो आणि लहान फरक वेग किंचित बदलून भरून काढतो. त्या बदलाची मर्यादा दशलक्षात ५०० भाग आहे, म्हणजे एक सेकंद भरायला सुमारे ३३ मिनिटे लागतात; हा संथपणा मुद्दाम ठेवलेला आहे. अडचण एकच : फरक १००० सेकंदांच्या पुढे गेला, तर एनटीपीडी स्वतःच थांबतो. मशीन वरचेवर स्थगित होत असेल, तर एनटीपीडीऐवजी क्रोनी हा प्रोग्राम वापरून त्यातील मेकस्टेपची, म्हणजे घड्याळाला एकदम उडी घेऊ देणाऱ्या सूचनेची, मर्यादा सैल करावी. तिथली उडी बहुधा पुढचीच असते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या), अथवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या सर्व्हरवरून घ्यावी लागते. म्हणून होस्ट आणि गेस्ट दोन्हींवर तोच स्रोत द्यावा आणि टूल्सची नियतकालिक जुळणी बंदच ठेवावी, कारण एका घड्याळाला दोघे ओढू लागले की ते कोणाचेच ऐकत नाही.