पृथ्वी फिरते, कशावरून?

बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना मी खगोलशास्त्राचा एक छोटा पेपर शिकवतो. पहिल्या तासाला एकच प्रश्न असतो: पृथ्वी फिरते, कशावरून? कुणीतरी म्हणतं, दिवस-रात्र होते ना. पण ती तर सूर्य फिरला तरी होईल! मग उपग्रहाचे फोटो निघतात. त्याआधी लोकांना कसं कळलं? वर्ग गप्प.

मग मी आर्यभट काढतो. इ.स. ४९९. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात. वर्ग खूश. लगेच वराहमिहिर: पृथ्वी फिरत असेल तर उडालेले पक्षी परत घरट्यात येतात कसे? आता बोला! मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, चालत्या एसटीत चेंडू वर फेकला तरी हातातच पडतो." का पडतो, यातच उरलेला तास गेला. जडत्वाची (चालत्या वस्तूची चाल आपोआप टिकते, त्या गुणाची) व्याख्या फळ्यावर लिहायची राहूनच गेली.

(आर्यभट पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल बोलला, सूर्याभोवती नाही. हे दरवर्षी सांगावं लागतं. व्हॉट्सॲपचा सिलॅबस वेगळा आहे.)

माझा राग आहे तो 'गॅलिलिओ शहाणा, बाकी सगळे मठ्ठ' या गोष्टीवर. सोळाव्या शतकातला डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे मठ्ठ नव्हता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांनी तारे जरा सरकलेले दिसायला हवेत, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. हात लांब करून अंगठा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा, तसं. साठ पोरं एकदम हे करतात तेव्हा बाहेरून जाणारा शिपाई थबकतो. टायकोला सरकणं दिसलं नाही, आणि तारे इतके लांब असतील हे त्याला पटेना. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ चं. सरकणं मोजून दाखवलं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने, थेट १८३८ साली, हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं. किती सरकला? १० रुपयांचं नाणं ९-१० किलोमीटरवरून दिसेल तेवढा.

सायन्सचे सहकारी म्हणतात, अशाने कृष्णविवरं राहतात. राहतात, खरंय. त्यासाठी यूट्यूब आहे.

यंदा पेपरात प्रश्न घालतोय: 'तुम्ही १६०० साली आहात. पृथ्वी स्थिर आहे हे पटवून द्या.' मॉडेल आन्सरमध्ये काय लिहायचं, ते तेवढं ठरत नाहीये.